ओलेड की एलसीडी? सोलापूरच्या हॉलमध्ये कोणता टीव्ही टिकेल आणि दिसेल

(चर्चा. लिहिणाऱ्यांनी सोलापुरातल्या भागांची नावं टोपणनाव म्हणून घेतली आहेत.)

होटगीरोड

२०२५च्या २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून दुकानात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, आता ओलेडच घ्या." माझं मत सरळ आहे. सोलापुरातल्या बहुतेक घरांनी हॉलसाठी ओलेड घेऊ नये. त्याच पैशात, किंवा त्याहून कमी पैशात, चांगला एलसीडी घ्यावा.

आधी एक घोळ मिटवू. दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी अशा पाट्या लागतात. ते सगळे एलसीडीच. मागे एलईडीचा उजेड, पुढे द्रव-स्फटिकांचा थर, आणि तो थर उजेड अडवतो किंवा सोडतो. क्यूएलईडीत रंग सुधारणारा क्वांटम डॉटचा थर जादा असतो. मिनी-एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, आणि पडद्याच्या वेगवेगळ्या भागांत ते वेगवेगळे मंद करता येतात. ओलेडमध्ये मागे दिवाच नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तेव्हा पूर्ण विझतो. काळा रंग ओलेडइतका कुठलाच एलसीडी दाखवत नाही, हे मला मान्यच आहे.

पण आपण बघतो काय, आणि कधी? आयपीएलची दुपारची मॅच साडेतीनला सुरू होते. एप्रिलमध्ये त्या वेळी बाहेर चाळीसच्या वर पारा, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट हॉलमध्ये. पडद्याचा छोटासा भाग उजळायचा असेल तर आजचे चांगले ओलेड हजार निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) सहज ओलांडतात. पण उन्हातलं अख्खं मैदान पडद्यावर आलं की वीज आणि उष्णता आवरायला टीव्ही स्वतःहूनच उजेड कमी करतो. बऱ्याच मॉडेलमध्ये पडदाभर पांढऱ्याला तो दोनशे निट्सच्या आसपास येतो. चांगला मिनी-एलईडी तिथे पाचशेच्या वर टिकतो. लांब उडालेला चेंडू सीमारेषेपर्यंत डोळ्यांनी धरायचा असेल तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

दुसरी गोष्ट बातम्या. आपल्या घरांत सकाळी चहाबरोबर मराठी न्यूज चॅनेल लागतं ते जेवणापर्यंत. वर कोपऱ्यात लोगो, खाली लाल पट्टी, त्याखाली सरकती पट्टी. ओलेडमधले सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतात, त्यात निळा सर्वांत आधी. एकच आकृती रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली की त्या जागेचे पिक्सेल बाकीच्यांपेक्षा जास्त झिजतात आणि पट्टीची सावली कायमची बसते. बहुतेक कंपन्या वॉरंटीत हे धरत नाहीत. लाखाच्या आसपासची वस्तू घेऊन घरातल्यांना "तेच चॅनेल लावून ठेवू नका" असं रोज बजावायचं, हे मला पटत नाही.

विजापूररोड

होटगीरोड, तुमच्या हॉलमध्ये दुपारी साडेतीनला टीव्ही बघणारे किती जण असतात? आमच्याकडे खरा टीव्ही सुरू होतो तो रात्री जेवणं उरकल्यावर. साडेआठ ते अकरा. मालिका, पिक्चर, वेब सिरीज. त्या वेळी ऊन नसतं आणि ट्यूबलाइट बंद करायला बटण असतं. वर्षातल्या दोन महिन्यांच्या दुपारच्या मॅचसाठी उरलेल्या सगळ्या रात्री राखाडी काळा बघायचा?

तुम्ही ज्याला हातच लावला नाही ते सांगतो: बसायची जागा. टीव्हीसमोर बरोबर मधोमध सोफा टाकून बसणारं कुटुंब जाहिरातीत असतं. आपल्याकडे आजोबा कडेच्या दिवाणावर, पोरं खाली चटईवर, कुणीतरी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघतंय. एलसीडीच्या पडद्याचे, म्हणजे पॅनेलचे, मुख्य प्रकार दोन: व्हीए आणि आयपीएस. काळा चांगला दाखवणारे बहुतेक एलसीडी व्हीए पॅनेलचे असतात, आणि व्हीए पॅनेल कडेने बघितलं की रंग उडतात. चेहरे पांढुरके, काळं राखाडी. आयपीएस पॅनेल कडेने बरं दिसतं, पण त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) हजारास एकच्या आसपास, म्हणजे अंधारातल्या प्रसंगात सगळा पडदा धुरकट. ओलेड कुठूनही बघा, चित्र जवळपास तेच. घरात माणसं जास्त तितका ओलेडचा फायदा जास्त, हे माझं ठाम म्हणणं आहे.

मिनी-एलईडीचं कौतुक मीही ऐकलंय. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल आली की अक्षरांभोवती उजेडाचं वलय दिसतं. कारण त्या भागाचा दिवा अक्षरांपुरताच लावता येत नाही, आजूबाजूचंही उजळतं. एकदा नजरेत आलं की सुटत नाही.

आणि झिजण्याबद्दल. आरटिंग्ज या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०२२च्या अखेरीपासून १०० टीव्ही लावून ठेवले, रोज तासन्‌तास, न्यूज चॅनेलवर. ओलेडवर खुणा उमटल्या, खरं आहे. पण त्याच चाचणीत कडेने उजेड देणाऱ्या पातळ एलसीडींचे मागचे थर वाकले, तडकले, दिवे गेले. एलसीडी अमर आहे असं समजून कुणी पैसे वाचवू नयेत. आजचे ओलेड चित्र गुपचूप थोडं सरकवतात, थांबलेला लोगो ओळखून तेवढा भाग मंद करतात.

खिडकीचं ऊन? चाटी गल्लीतून जाड पडद्याचं कापड आणा. टीव्हीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

पूर्वभाग

मी टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, पत्र्याच्या शटरच्या एका खोलीत. दोघांनी चित्राबद्दल लिहिलं, मी उघडल्यावर काय दिसतं ते लिहितो.

एलसीडी आजारी पडतो तो बहुतेक वेळा मागच्या दिव्यांनी. गिऱ्हाईक म्हणतं, "आवाज येतोय, चित्र नाही." मी खोली अंधारी करतो आणि मोबाईलचा टॉर्च काचेला टेकवून तिरका धरतो. त्या उजेडाच्या गोलात बातमी देणारीचा चेहरा पुसट हलताना दिसला की समजायचं, पॅनेल जिवंत आहे, दिवे गेलेत. एलईडीच्या पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात, एक दिवा आतून तुटला की अख्खी ओळ विझते. पडदा उपसायचा, पांढरे पत्रे एकेक करून धूळ न लागता बाजूला ठेवायचे, पट्टी बदलायची. ४३ इंचीला दोन-तीन हजारांत माणूस परत मालिका बघायला लागतो. बसवताना बॅकलाइटचा करंट थोडा कमी केला तर पट्टी आणखी टिकते. हे काम सोलापुरात करणारे पुष्कळ आहेत.

ओलेडचं पॅनेल गेलं तर माझ्या हातात काही नाही. पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. पॅनेल इतकं पातळ की भिंतीवर लावताना कोपऱ्यात अंगठा दाबला तरी रेषा येते.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगतच नाहीत. ओलेड बंद केल्यावर स्टँडबायमध्ये असताना स्वतःची दुरुस्ती करून घेतो, पिक्सेल किती झिजले ते मोजून सारखे करतो. एलजीच्या ओलेडमध्ये चार तास वापर झाला की रिमोटने बंद केल्यावर ही प्रक्रिया आपोआप चालते, काही मिनिटांची असते. आपल्याकडे रात्री झोपताना काय करतात? भिंतीवरचं मेन बटण खटकन बंद. वीज वाचते म्हणून, विजेच्या कडकडाटात जळू नये म्हणून. आई-वडिलांच्या पिढीची ही सवय मोडत नाही. दुरुस्ती कधीच पुरी होत नाही आणि मग डाग दिसले की शिव्या कंपनीला.

पण होटगीरोड, तुमच्या बाजूने बोलतोय असं समजू नका. तुम्ही "चांगला एलसीडी" लिहिलंत. लोक आणतात स्वस्तातला, कडेने दिवे असलेला, पातळ दिसतो म्हणून. विजापूररोड यांनी सांगितलेले वाकलेले थर मी टेबलावर रोज बघतो. पूर्व भागात लूमजवळच्या घरांत तर कापसाची तूस मागच्या जाळीत बसते, उष्णता कोंडते आणि पट्टी लवकर जाते. घ्यायचाच तर मागे सगळीकडे दिवे असलेला घ्या, जाड असला तरी चालेल.

बाळीवेस

तिघांनीही धरलंय की घरात फोर-के चित्र येतं. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत अजून साध्या, बिगर-एचडी चॅनेलचा पॅक आहे. त्या चित्रात ५७६ ओळी. ते ५५ इंचांवर ताणलं की ओलेडवरही चेहरे मेणाचे दिसतात. आधी सेटटॉप बॉक्सचा पॅक बदला किंवा चांगलं इंटरनेट घ्या, मग पॅनेलवर भांडा.

माझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ऑपरेशननंतर त्यांना अंधाऱ्या खोलीत लख्ख पडदा सोसत नाही, आणि उजेडात मंद पडदा दिसत नाही. त्यांच्यासाठी आम्ही दिवा लावूनच टीव्ही बघतो. तुमच्या अंधाऱ्या खोलीतल्या काळ्याचा आम्हाला उपयोग नाही. एलसीडी घेतला, मॅट पडद्याचा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत नाही. आम्हाला पाहिजे ते मिळालं.

होटगीरोड

विजापूररोड, पडद्याचं म्हणता. मे महिन्यात दुपारी जाड पडदे ओढून दारं-खिडक्या लावली की हॉल भट्टी होतो. एसी बेडरूममध्ये असतो, हॉलमध्ये नाही. त्यात बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. आपल्या पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या हॉलमध्ये मे महिन्यात चाळीस ओलांडलेलं असतं. उष्णतेने ओलेडचे सेंद्रिय पदार्थ जास्त वेगाने झिजतात. हा त्रास पुण्या-मुंबईच्या माणसाला इतका नाही, आपल्याला आहे, आणि ओलेडचं कौतुक करणारे सगळे व्हिडिओ एसीच्या खोलीत काढलेले असतात.

कडेने बघायचा मुद्दा मोठा आहे, तो मी खोडत नाही. म्हणूनच म्हणतो, दुकानात एलसीडी समोरून बघू नका. कडेला तीन पावलं जाऊन बघा. काही व्हीए पॅनेलवर कोन रुंद करणारा थर असतो, फरक तिथल्या तिथे कळतो.

विजापूररोड

उष्णतेचं मान्य, पण तिथे टीव्ही नाही, घर चुकतंय. चाळीसच्या हॉलमध्ये एलसीडीच्या पट्ट्याही जातात, पूर्वभाग यांनी आत्ताच लिहिलं. तेव्हा तो मुद्दा दोघांना लागू.

मेन बटणाचं पूर्वभाग यांनी लिहिलं ते प्रत्येक ओलेडवाल्याने वाचावं. पण बटण बंद न करणं घरात सांगून जमतं. कडेच्या दिवाणावरून दिसणारं फिकं चित्र कुणाला काही सांगून सुधारत नाही. माझ्या वडिलांची जागा त्या दिवाणावर आहे, ती मी टीव्हीसाठी हलवणार नाही. म्हणून माझ्या घरात ओलेडच, आणि न्यूज चॅनेलसाठी त्यांच्या खोलीत जुना ३२ इंची एलसीडी आहे तो राहील.

जुळेसोलापूर

माझा प्रश्न साधा आहे. बेडरूम दहा बाय बारा, एसी आहे, खिडकी उत्तरेला. रात्रीच बघणार, फक्त ओटीटी, मोबाईल गेम नाही, बातम्या नाहीत. बेडपासून भिंत आठ फूट. बजेट ऐंशी-नव्वद हजार. दोघांनी मिळून एकच उत्तर द्या.

होटगीरोड

या खोलीत माझी काहीच हरकत नाही. ओलेड घ्या. हॉलसाठी विचारलं असतंत तर वेगळं सांगितलं असतं.

पूर्वभाग

ओलेड, ४८ इंची बसत असेल तर बघा, आठ फुटांना पुरतो आणि ५५ पेक्षा पैसे वाचतात. बसवायला दोन माणसं बोलवा, पॅनेलच्या कडेला हात लावू देऊ नका, खालच्या पट्टीला धरून उचला. भिंत दमट असेल तर ती आधी सुकवून घ्या. आणि वायरमनकडून टीव्हीचा सॉकेट एसीच्या बटणापासून वेगळा करून घ्या, नाहीतर सकाळी एसी बंद करताना दोन्ही एकदम जातील.