मदत हवी आहे: ट्रेन सिम वर्ल्ड ५ की ट्रेन सिम्युलेटर क्लासिक?

दोन्ही रेल्वे चालवायचे गेम आहेत. यातला एक स्टीमवर (ऑनलाइन गेमचं दुकान) घ्यायचाय. लॅपटॉप: आय-५, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (४ जीबी), एसएसडीवर ९० जीबी मोकळी. कंट्रोलर नाही, फक्त कीबोर्ड.

ओपन रेल्स हा दुसरा ट्रेन गेम वापरून झालाय. फुकट आहे, जुन्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे (एमएसटीएस) रूट चालतात, पण चित्रं तशीच जुनाट. क्लासिक ६४-बिटमध्ये चालतो आणि स्वतः मार्ग बनवायला रूट एडिटरही आहे. मात्र अ‍ॅड-ऑनचा (वेगळे विकत घ्यायचे जादा मार्ग-गाड्या) खर्च पाहून डोळे पांढरे होतात. वर्ल्ड ५ अनरिअल इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), त्यामुळे लॅपटॉपला जड. त्यातली लंडन युस्टन–मिल्टन कीन्स लाइन मात्र हवीच आहे. डिलक्स आवृत्ती नको, बजेट स्टँडर्डपुरतंच. रॅम सध्या वाढवता येणार नाही.

८ जीबीवर वर्ल्ड ५ मध्ये, १०८०पी आणि मीडियम सेटिंगला, गर्दीच्या स्टेशनात शिरताना गेम अडखळतो का? किती एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात?