नदीच्या पाण्याचा नमुना आपणच दिला तर चालतो का?

प्रश्न: नाल्यातून नदीत काळं, फेसाळ पाणी येतंय, मासे वर येऊन तडफडतायत. बाटली भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात नेली तर कारवाई होईल?

उत्तर १: कोर्टात तो नमुना टिकणार नाही. जल अधिनियम १९७४, कलम २१ बघा: पाणी सोडणाऱ्या कारखान्याला मंडळाच्या अधिकाऱ्याची तिथल्या तिथे नोटीस, त्यांच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. इथेच घोळ झाला की खटला कमजोर होतो. तुम्ही जागा-वेळेसह फोटो जोडून लगेच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. उशीर केलात तर पुरावा वाहून जाईल.

उत्तर २: विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचा आग्रह धरा. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली मासे धोक्यात. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणाऱ्या चाचणीचा) नमुना मात्र बर्फात न्यायचा. चाचणी २७ अंशांवर, ३ दिवस.