रविवारच्या सभेची नोटीस आणि ‘मस्ट नॉट’

ए-२०३: सेक्रेटरी साहेब, नमस्कार. टाकीच्या कामाच्या सभेची इंग्रजी नोटीस लिफ्टजवळ लागली आहे. त्यात ‘टेनंट्स मस्ट नॉट अटेंड’ असं लिहिलंय. आम्ही अकरा वर्षं इथे भाड्याने राहतो. आई सकाळी दूध आणायला उतरली, तिने वाचलं आणि वर येऊन विचारलं, ‘आपलं काही चुकलं का रे?’ कृपया खुलासा करावा.

सेक्रेटरी: दादा, गैरसमज होतोय. भाडेकरूंना यायची सक्ती नाही, एवढंच म्हणायचं होतं.

डी-१०४: गच्चीच्या गळतीचं काय झालं? 📷

सी-४०१: मस्ट म्हणजे सक्ती, नॉट म्हणजे नाही. सक्ती नाही. बरोबरच आहे की नोटीस.

बी-३०४ मॅडम: नाही हो, तिथेच फसायला होतं. नोकरीभर मुलांच्या वह्यांत हेच लाल पेनाने खोडत आले. ‘मस्ट नॉट’मधला नॉट सक्तीला लागत नाही, पुढच्या क्रियेला लागतो. म्हणजे न येण्याची सक्ती! ‘यायची गरज नाही’ म्हणायचं तर ‘डोन्ट हॅव टू’ किंवा ‘नीड नॉट’. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ होकारात जवळजवळ सारखे वाटतात, नकारात मात्र दोन टोकांना जातात. आपल्याकडे ‘येऊ नये’ आणि ‘नाही आलात तरी चालेल’ यात जेवढं अंतर, तेवढं.

बी-५०२: आमच्या घरात फक्त मस्टच चालतं, नॉट बोलायची कोणाची हिंमत नाही 😄

सेक्रेटरी: चुका काढायला सगळे हजर. कमिटीत या म्हटलं की कोणाला वेळ नसतो.

सी-४०१: ५०२, हसताय ते ठीक, आधी माझ्या पार्किंगमधली स्कूटर काढा.

बी-५०२: कालच काढली. खाली जाऊन बघा.

बी-३०४ मॅडम: साहेब, पाणी गेलं की रात्री अकराला पंपाजवळ तुम्हीच उभे असता, ते आम्ही बघतो. शब्दच फसवा आहे. पण वाचणाऱ्या माऊलीला लागलं, ते आधी निस्तरू या.

सी-४०१: मग ‘इट इज नॉट नेसेसरी फॉर टेनंट्स टू अटेंड’ लिहा. विषय संपला.

बी-३०४ मॅडम: हे छान सुचवलंत. विशेषण घेतलं की नॉट सरळ ‘नेसेसरी’लाच लागतो, दुसरा अर्थ निघत नाही. शिवाय दरडावल्यासारखं वाटत नाही. फक्त विशेषणाचं वजन बघून घ्यावं लागतं. ‘ॲडव्हायजेबल’ हा नुसता सल्ला. ‘एसेन्शियल’ म्हणजे त्याशिवाय चालणारच नाही. ‘मँडेटरी’ लिहिलं की कुठल्या नियमाने, ते दाखवता आलं पाहिजे. आणि ‘बाउंड टू’ फार जपून. ‘मेंबर्स आर बाउंड टू पे’ म्हणजे भरायला बांधील, पण ‘इट इज बाउंड टू लीक’ म्हणजे ते गळणारच.

डी-१०४: गळणारच! दोन पावसाळे तेच सांगतोय. गच्चीच्या गळतीचं काय झालं? 📷

ए-६०१: मॅडम, मागच्या नोटिशीत ‘इट इज एसेन्शियल दॅट एव्हरी मेंबर बी प्रेझेंट’ होतं. तिथे ‘इज’ हवं ना? मी मुलीला चूक म्हणून दाखवलं.

बी-३०४ मॅडम: ‘बी’च बरोबर. ‘एसेन्शियल दॅट’, ‘नेसेसरी दॅट’नंतर अजून व्हायची असलेली गोष्ट सांगताना मूळ क्रियापद तसंच ठेवतात. अमेरिकेत हे जास्त चालतं, ब्रिटिश लोक ‘शुड बी’ही म्हणतात. मुलीला सांगा, साहेबांनी ते अगदी नीट लिहिलं होतं.

सेक्रेटरी: 🙏 नोटीस काढली. आता मराठीत लावतोय: ‘भाडेकरूंनी अवश्य यावे, सक्ती नाही.’ दादा, आईंना माझ्याकडून सॉरी सांगा. संध्याकाळी घरी येऊन जातो.

ए-२०३: या ना साहेब. आईला वाचून दाखवलं. चहाला थांबा म्हणतेय.

डी-१०४: माझं कोणी वाचतं का? गळतीवाल्या कॉन्ट्रॅक्टरचं पत्र परत टाकतो. ‘द वर्क इज सपोज्ड टू बी कम्प्लीटेड बिफोर मान्सून.’ तारीख नाही, दंड नाही. 📷

सी-४०१: काका, हे सकाळपासून तिसऱ्यांदा.

बी-३०४ मॅडम: थांबा, काकांचं म्हणणं खरं आहे. ‘सपोज्ड टू’ म्हणजे व्हायला हवं अशी अपेक्षा. इंग्रजीत पुष्कळदा झालेलं नसतं तेव्हाच हे म्हणतात. ‘ही वॉज सपोज्ड टू कम’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, आलेला नाही. करारात ‘शल’, म्हणजे करावंच लागेल, असं लिहितात आणि पुढे तारीख घालतात.

सेक्रेटरी: ते पत्र त्याच्याच माणसाने टाईप करून आणलं होतं. मी नुसती सही केली.

बी-३०४ मॅडम: काका, फोटोत खालची ओळ कापली गेलीय. उजेडात धरून पूर्ण पान टाका. ‘शल’ घालून नवा मसुदा आज रात्री करून देते. तारीख कुठली घालायची ते साहेबांनी सांगावं.

डी-१०४: 📷📷