नाचायला सुचावं म्हणून गाव सोडायलाच हवं का?

कृष्णाकाठ (सांगली)
परवा एका नृत्यशिक्षिकेची पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं तापलंय. तिचं म्हणणं असं की लहान शहरात रियाज होतो, पण रचना सुचत नाही. म्हणून नर्तकीने दरवर्षी बॅग भरून निघावं, बाली बघावं, राजस्थान बघावं, नवे रंग, नव्या हालचाली घेऊन यावं. खाली माझ्याच कथकच्या विद्यार्थिनींनी 'किती खरं' लिहिलंय, म्हणून लांबलचक लिहितेय.

मध्यमाच्या परीक्षेला बसलेल्या मुलींना विलंबित (संथ) तीनतालात ठाठ (कथकमधली सुरुवातीची उभी ढब) धरून उभं राहता येत नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हात पोचतो, नजर पोचत नाही. त्यांना सांगायचं की तुमचं अडलंय ते बाली न बघितल्यामुळे? धावत्या सहलीत डोळ्यांना भरपूर मिळतं, पायांना काहीच मिळत नाही. अशा सहलींतून आलेल्या रचना मी बघितल्यात. तीच आमद (प्रवेशाचे बोल), तीच तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारे बोल), फक्त ओढणी बांधणीची.

भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल जगभर फिरल्या होत्या. त्यांना रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोव्हाने काय सांगितलं? तुमच्या देशातलं नृत्य शोधा. 1935 साली त्या चेन्नईच्या अड्यारला नाचल्या ते मीनाक्षीसुंदरम पिल्लैंसारख्या गुरूंकडे मान खाली घालून शिकल्यावर. आणि अमेरिकन नर्तकी रुथ सेंट डेनिसला तर सिगारेटच्या जाहिरातीतलं इजिप्शियन देवीचं चित्र पुरलं. तिथून पुढे 1906 मध्ये तिने 'राधा' बसवली, तेव्हा भारतात तिचं पाऊलही पडलेलं नव्हतं.

यवतेश्वर (सातारा)
ताई, 'राधा'चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. न जाता केलं की काय होतं ते बघा. तिची राधा जैन मंदिरातली देवी होती आणि संगीत फ्रेंच ऑपेरातलं. 1925-26 च्या दौऱ्यात ती भारतात आली, पण तोवर ती राधा कितीदा तरी नाचून झाली होती.

आणि सांगलीकरांनी तरी हे बोलू नये. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते कशावरून? कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करत सांगलीला आली, संस्थानिक अप्पासाहेब पटवर्धनांनी ते बघितलं आणि भाव्यांना म्हणाले, आपल्याकडे असं करा. कुणीतरी घर सोडून निघालं म्हणून मराठी नाटक उभं राहिलं. नर्तक उदयशंकर लंडनला गेले ते चित्रकला शिकायला. पाव्हलोव्हाबरोबर 1923 मध्ये नाचले, मग इकडे परतून देशभर देवळं आणि नाच बघत हिंडले, आणि त्यातून त्यांची शैली तयार झाली.

माझं सांगतो. केरळात चेरुतुरुत्तीला कथकळीच्या मुलांचा पहाटेचा सराव बघायला मिळाला. डोळ्यांत तूप घालून नुसती बुबुळं फिरवत होती. वर, खाली, तिरकी, आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. त्या दिवशी कळलं की अभिनयालाही तत्कारासारखा (पायांच्या बोलांसारखा) हिशेबी रियाज असतो. मी कथकळीतलं काहीही उचललं नाही. पण माझ्या गतभावाची (कथकमधून गोष्ट सांगण्याची) नजर बदलली ती तिथून. हे मला साताऱ्यात राजवाड्याजवळच्या हॉलमध्ये बसून सुचलं नसतं.

माणदेशी_ढोल (आटपाडी)
बाली, केरळ सगळं झालं. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेला तुमच्यातलं कोण आलंय? सांगलीपासून किती लांब हाय? आमचा धनगरांचा गजी नाच उभा ऱ्हातो तेव्हा ढोल पोटात वाजतो. ठेका बदलला की अख्खा गोल एकदम चाल बदलतो, कुणी तोंडानं आकडे मोजत न्हाई.

आता आले हुते त्यांचं बी सांगतो. एका शहरातला क्लास आला, मोबाईलवर सगळं शूट केलं, आमच्या म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा नाचायला लावलं. पुढं त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात तोच नाच. रुमाल तसेच, फेटे तसेच, पत्रिकेत 'संकल्पना व नृत्यदिग्दर्शन' म्हणून बाईंचं नाव. आमच्या मंडळाचं नाव कुठंच न्हाई. ह्याला प्रेरणा म्हणायचं का?

तत्कार (कराड)
दादा, चीड समजते. पण लोककलेचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. लावणीतून सिनेमाने घेतलं, सिनेमातून गणपतीच्या मंडळांनी घेतलं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या किराणा गावचे. म्हैसूर दरबारात जाऊन कर्नाटकी संगीत ऐकलं, त्याचा ठसा त्यांच्या सरगमेवर उमटला, राहिले मिरजेत. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही.

माणदेशी_ढोल
खाँसाहेबांनी ऐकलं, गळ्यात मुरवलं आणि स्वतःच्या गाण्यात आणलं. हितं मुरवलं काय? चार मिनिटांचा व्हिडिओ लावून पोरींना आकडे पाठ करायला लावले. गुडघ्यात झोल न्हाई, ढोल स्पीकरवर. आणि सातबाऱ्याचं आमाला शिकवू नका. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, उसाच्या पट्ट्यात, कोकणाच्या बाजूला, कुठं चारा मिळंल तिकडं. पाऊस तोंडावर आला की माघारी. आमच्या आज्ज्याचं आयुष्य प्रवासातच गेलं. त्याला कुणी 'प्रवासातून काय सुचलं' म्हणून इचारलं न्हाई.

कासप्रेमी
प्रवास आणि नृत्य म्हणता तर कास पठाराबद्दलही बोला! 2012 ला जागतिक वारसा यादीत गेलेलं पठार, आणि फुलांच्या ताटव्यात उभं राहून रील. कुंपण ओलांडून गिरक्या घेतात. ज्या फुलांसाठी आलात तीच तुडवताय.

तत्कार
कासचा वेगळा धागा काढा. पूर्ण सहमत, पण इथे नको.

माणदेशी दादा, मग तुमच्या मते आम्ही गजी बघायचाच नाही का? बघितलं तर चोर, नाही बघितलं तर शहरी नाक. दोन्हीकडून आम्हीच दोषी!

कृष्णाकाठ
तत्कार, त्यांनी बघू नका म्हटलेलं नाही. शूट करून पळू नका म्हणतायत. माझाही मूळ मुद्दा हाच आहे. कथकमध्ये गुडघा सरळ, तळपाय सपाट. गजीचा भार उलट गुडघ्यात झुलतो. माझ्या पायाला ते कळायला वर्ष लागेल, आणि तेवढा वेळ देणाऱ्याला विमानाचं तिकीट लागत नाही. अमेरिकन नर्तकी कॅथरीन डनहॅम 1935 मध्ये कॅरिबियन बेटांवर गेली ती मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून. महिनोन्महिने राहिली, लोकांबरोबर नाचली, विधींमध्ये बसली. असं कुणी करत असेल तर मी त्याच्या पाया पडेन.

वाळव्याची_ढोलकी
सगळे बघणाऱ्याच्या प्रवासावर भांडताय. नाचणारीच्या प्रवासाचं कुणी बोलेल का? माझी आज्जी तमाशाच्या फडात होती. दसऱ्याला फड बाहेर पडायचा तो उन्हाळा सरत आला की घरी. ट्रकमध्ये सामानावर झोपायचं. ती सांगायची, प्रत्येक गावाचा कान वेगळा. एका गावात संथ लावणीला माणसं डोलतात, पुढच्या गावात दुसऱ्या कडव्यालाच चुळबूळ. मग त्याच लावणीत अदा कुठं लांबवायची, ढोलकीला तोडा कुठं द्यायचा, हे रोज रात्री नव्याने ठरायचं. समोरचा माणूस बदलला म्हणून नाच बदलला. देखावे बघायला तिला सवडच नव्हती.

आणि एक राग आहे तो सांगतेच. शाहीर पठ्ठे बापूराव आमच्या रेठरे हरणाक्षचे, तमाशातले काळू-बाळू कवलापूरचे. कथकच्या मुलींना बालीची नावं पाठ, ही गावं कुठल्या तालुक्यात आहेत ते माहीत नाही. लावणीवाली फडात नाचली की नाक मुरडायचं, आणि तीच लावणी महोत्सवात क्लासच्या मुलींनी केली की 'लोकरंग'. आज्जीच्या पायातले चाळ अजून घरी आहेत. तिला एक प्रमाणपत्र कधी मिळालं नाही.

यवतेश्वर
ढोलकीताई, तुमच्या आज्जीचं वाचून मी दोनदा थांबलो. प्रयोग करत फिरणं आणि बघत फिरणं यातला फरक मी धरला नव्हता, तो मान्य. पण कृष्णाकाठ ताईंना मी पूर्ण सोडणार नाही. राहून शिकणं थोर, कबूल. तरी चेरुतुरुत्तीची ती पहाट मी थोडाच वेळ बघितली आणि ती मला पुरली. कधीकधी एक दृश्य माणसाला हलवतं. ते खोटं ठरवू नका.

कृष्णाकाठ
खोटं म्हणत नाही. तुम्ही परत येऊन नजरेचा रियाज केलात, म्हणून ते पुरलं. पोस्टमध्ये रियाजाचा तो अर्धा भागच गायब आहे, माझा राग त्यावर आहे.

तत्कार
ठीक आहे, शूटिंगबद्दल माणदेशी दादांचं बरोबर. पण नाव छापलं, मानधन दिलं, शिकायला येऊन राहिलो, तर तुमची मंडळी शिकवतील का? की तेव्हाही 'आमचं आहे' म्हणून दार बंद?

माणदेशी_ढोल
दार कधी बंद हुतं? यात्रेत कुणीबी गोलात शिरतं. पण शिकायचं आसंल तर यात्रेच्या गर्दीत नगं. पावसाळ्यात या, मेंढरं गावात असत्यात, म्हातारी माणसं घरी असत्यात. मोबाईल खिशात ठेवायचा. पहिल्यांदा ढोल उचलायचा, नाच मागनं. आणि पत्रिका छापायच्या आधी आमाला दाखवायची, नावं आमी सांगू तशी.

तत्कार
पत्रिकेची अट मान्य. ढोलाचं वजन किती असतं?

माणदेशी_ढोल
उचलल्यावर कळंल.