केमोनंतर पांढऱ्या पेशी लवकर वाढाव्यात म्हणून काय करता येईल?

प्रश्न
आईच्या केमोथेरपीचे दुसरे सत्र होऊन आज अकरा दिवस झाले. कालच्या तपासणीत पांढऱ्या पेशी १८०० आणि त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३० टक्के आले. पुढचे सत्र दहा दिवसांवर आहे. आहार बदलून किंवा एखादे पूरक औषध देऊन हा आकडा वाढवता येतो का? नातेवाईक रोज नवा उपाय सुचवत आहेत.

प्रतिसाद १
एकूण आकड्यापेक्षा न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या पाहावी. १८०० चे ३० टक्के म्हणजे ५४०. ही संख्या ५०० च्या खाली गेली की संसर्गाचा धोका फार वाढतो, म्हणजे आई काठावर आहेत. मात्र बहुतेक औषधांनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आकडा तळ गाठतोच, कारण केमोचा आघात अस्थिमज्जेतील (हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणाऱ्या भागातील) झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर होतो आणि रक्तातील न्यूट्रोफिल मुळातच अल्पायुषी असल्याने त्यांची जागा घ्यायला काही दिवस नव्या पेशीच नसतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मज्जा सहसा सावरते. सत्रांमधले अंतर याच हिशेबाने ठेवतात.

प्रतिसाद २
पांढऱ्या पेशी वाढवणारा म्हणून सिद्ध झालेला एकही पदार्थ नाही. पोटभर, प्रथिनयुक्त आणि स्वच्छ अन्न द्यावे, एवढेच. पूरक औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, कारण त्यांतील काही केमोच्या औषधांच्या कामात अडथळा आणतात. खरा उपाय फिलग्रास्टिमसारख्या इंजेक्शनचा. ते मज्जेला न्यूट्रोफिल तयार करण्यास प्रवृत्त करते. केमोचे सत्र संपल्यावर किमान २४ तासांनी ते सुरू करतात. माझ्या वडिलांची कंबर त्या दिवसांत इतकी दुखे की आम्ही घाबरून गेलो होतो, पण हाडे दुखणे हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे.

प्रतिसाद ३
वरच्या चर्चेत तापाचा उल्लेख राहिला, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पेशीच कमी असल्याने पू, सूज, लाली यांपैकी काही दिसेलच असे नाही. अनेकदा ताप हीच एकमेव खूण असते. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसताच, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. परस्पर पॅरासिटामॉल देऊ नये, त्याने ताप झाकला जातो.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. इंजेक्शनविषयी उद्याच विचारते. थर्मामीटर तोंडात धरावा की काखेत?

प्रतिसाद ३
तोंडात. तोंड आले असेल तर काखेत, पण तेथे आकडा थोडा कमी दिसतो हे ध्यानात ठेवा. गुदद्वारात मात्र मुळीच नको. तेथील नाजूक त्वचेला इजा झाल्यास जंतूंना वाट मिळते.