आजारी कोंबडीला बाकीच्या टोचून टोचून मारतायत, काय करू?

गुहागरची_परसबाग:
नमस्कार, मागच्या खुराड्यात पाच गावरान, तीन गिरिराज (सुधारित जातीच्या) आणि एक कोंबडा आहे. पाऊस लागल्यापासून एक गिरिराज पिसं फुगवून कोपऱ्यात बसून असते, तुरा फिका पडलाय, अंडी बंद, शिट पातळ. ती दाण्याजवळ आली की एक काळी गावरान धावत येऊन तिच्या डोक्यावर टोचते आणि तिचं बघून आता तलंगासुद्धा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) टोचायला लागल्यात, शेपटीपाशी पिसं उपटून रक्त आलंय. सासूबाई म्हणतात वेगळी ठेवलीस तर परत घेणार नाहीत तिला, शेजारचे म्हणतात कापून खा. मला तिला वाचवायचंय हो. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाण्यात घालू का?

अंगणातली_मावशी:
अगं आधी तिला आजच वेगळी काढ, लाल दिसलं की कोंबड्या थांबत नाहीत, जीव जाईपर्यंत टोचतात. लांब मात्र नेऊ नकोस, खुराड्याला लागूनच जाळीच्या पिंजऱ्यात ठेव म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील, सासूबाईंची भीती खरी आहे पण ती नजरेआड केली तर. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन पोविडोन आयोडीन लाव आणि रोज उचलून बघ, पावसात माशा बसून अळ्या पडतात त्याच जास्त घात करतात. खाली कोरडा तूस घाल, भिजवलेलं खाद्य आणि पाणी तिच्या चोचीपुढे ठेव.

पशुसेवा_चिपळूण:
ताई, अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने नको. जंत असतील किंवा रक्ती हगवण असेल तर त्याचा काही उपयोग नाही आणि अंड्यातून औषध घरच्यांच्या पोटात जातं. आधी तिला हातात घ्या. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागतंय का, पंखाखाली आणि शेपटीखाली उवा आहेत का, सकाळी दाणे टाकायच्या आधी गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी आहे का, पोट खाली टणक लागतंय का म्हणजे अंडं अडकलंय का, शिटेत रक्त आहे का. तुरा फिका आणि वजन उतरलेलं असेल तर मला जंत किंवा उवांचा संशय जास्त येतो. ताजी शिट डबीत घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, जंताच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही डॉक्टरच सांगतील.

हिरवी शिट, मान वाकडी, श्वासाला घरघर असं काही दिसलं तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय धरा, त्यावर औषध नाही, लसच. लासोटा ही लस पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात आणि आर टू बी ही साधारण आठव्या आठवड्यात देतात, आजारी पक्ष्याला लस देऊ नये. आणि एकदम बऱ्याच कोंबड्या मरायला लागल्या तर हात न लावता लगेच कळवा, १९६२ या सरकारी पशुसेवेच्या नंबरवर फोन लागतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, त्यामुळे यात हयगय नको. आजारी कोंबडी कापून खायचीसुद्धा नाही, शेजाऱ्यांना सांगा.

पाटणचा_दादा:
त्या टोचणाऱ्या काळ्या कोंबडीचं कोणी बोललंच नाही. आजारी कोंबडीला टोचणं हा त्यांचा स्वभावच आहे, पण तलंगासुद्धा सामील झाल्या म्हणजे जागा कमी पडतेय किंवा खाद्य. पावसात सगळ्या आत कोंडलेल्या असतात ना. खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी लांब लांब ठेवा, नुसता तांदूळ आणि कणी घालत असाल तर प्रथिनं कमी पडतात आणि त्या एकमेकींची पिसं खातात, लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) किंवा सुकट द्या. पालक, कोबीचा गड्डा दोरीने टांगा, चोच तिथे गुंतते. बसायला आडवी काठी वाढवा. एवढं करूनही काळी ऐकत नसेल तर तिलाच थोडे दिवस बाहेर काढा, परत आली की तिचा रुबाब उतरलेला असतो, हे माझ्याकडे दरवेळी चाललंय.

गुहागरची_परसबाग:
सगळ्यांचे मनापासून आभार. पिंजऱ्यात ठेवली, आत्ता भिजवलेलं खाल्लं थोडं. छातीचं हाड खरंच टोकदार लागतंय आणि शेपटीखाली उवा आहेत, पिसांच्या मुळाशी पांढरी अंडी चिकटलीयत. उद्या शिट घेऊन दवाखान्यात जाते. बरी झाली की परत सोडायची कशी?

अंगणातली_मावशी:
उवांचं औषधही उद्याच विचार, आणि ते सगळ्यांना लागेल, एकटीला करून भागत नाही, खुराड्याच्या फटीपण साफ करायच्या. सोडताना जखमेवर खपली धरून पिसं फुटू देत, मग तिच्याबरोबर दुसरी एखादी शांत गिरिराज दोन दिवस पिंजऱ्यात ठेव आणि दोघींना रात्री अंधार पडल्यावर काठीवर बसव. सकाळी तू स्वतः तिथे उभी राहा, एक-दोन टोचण्या होतील त्या होऊ देत, रक्त आलं तरच उचल.