कोॲक्सियल स्पीकर: तयार क्रॉसओव्हर लावू की स्वतः बांधू?

सुतारपक्षी:
मंडळी, १२ इंची कोॲक्सियलची जोडी घेतलीय. वरच्या सुरांचा ट्वीटर (कॉम्प्रेशन ड्रायव्हर) मागे, त्याच्या हॉर्नचं म्हणजे कर्ण्याचं तोंड खालच्या सुरांच्या वूफरच्या मधोमध. दोन्ही ८ ओहम. डेटाशीटवर संवेदनशीलता (तेवढ्याच पॉवरला आवाज किती) वूफर ९६ डेसिबल, ट्वीटर १०६. खोकी १८ मिमी प्लायची, पोर्टसकट तयार. आता घोडं क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटपाशी अडलंय. '२ किलोहर्ट्झ, ८ ओहम, १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह' असा तयार बोर्ड मिळतोय. दोन्ही ड्रायव्हर एकाच अक्षावर, म्हणजे टायमिंगची भानगड नाही. मग हाच लावला तर चालेल ना? सोल्डरिंग येतं, गणिताशी मात्र वाकडं आहे.

ओहमकार:
चालेल, म्हणजे आवाज येईल. पण बोर्डावरचे ८ ओहम रेझिस्टरचे आहेत, तुझ्या वूफरचे नाहीत. व्हॉइस कॉइलच्या (शंकू हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) इंडक्टन्समुळे २ किलोहर्ट्झला त्याचा इंपीडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) १२-१५ ओहमपर्यंत चढलेला असू शकतो. लिंकविट्झ-रायली या प्रचलित फिल्टरचं पुस्तकी उत्तर १.२७ मिलिहेन्रीची कॉइल आणि ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ते या लोडवर बसवलंस तर फिल्टरचा क्यू (वळणाचा टोकदारपणा) वाढतो आणि उतार सुरू व्हायच्या जागी टेकाड उभं राहतं. नेमकं तिथेच माणसाचा आवाज कर्कश होतो. वूफरला समांतर झोबेल लावून (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, साधारण ७ ओहम आणि १५ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, नक्की आकडे तुझ्या कॉइलवरून) लोड आधी सपाट कर.

दुसरं, ट्वीटर १० डेसिबल जोरात आहे. त्या बोर्डावर एल-पॅड (आवाज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) आहे का बघ, बहुधा नसेलच. ५.६ ओहम सिरीजमध्ये, ३.९ ओहम ट्वीटरला समांतर, दोन्ही १० वॉटचे. फिल्टर आणि ट्वीटरच्या मध्ये बसव, म्हणजे फिल्टरलाही स्थिर ८ ओहम दिसतात.

टायमिंगचं म्हणशील तर अक्ष एक असला तरी खोली एक नसते. कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा पडदा चुंबकाच्या मागे असतो. समज, वूफरच्या ५ सेंटिमीटर मागे. २ किलोहर्ट्झची तरंगलांबी १७ सेंटिमीटर, म्हणजे फेज (लहरीच्या चक्रातली जागा, पूर्ण चक्र ३६० अंश) शंभर अंशांहून जास्त मागे पडली. केईएफ कंपनीच्या युनि-क्यू स्पीकरसारखा ट्वीटर शंकूच्या गळ्यातच असेल तर गोष्ट वेगळी. पण कोॲक्सियलची खरी मजा अशी की हा फरक वर-खाली, डावी-उजवीकडे जवळजवळ सारखाच राहतो. एकदा क्रॉसओव्हरमध्ये जिरवला की जिरला. वूफरला तिसऱ्या किंवा चौथ्या ऑर्डरचा उतार दे (एक ऑर्डर म्हणजे ६ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह), ट्वीटरला दुसऱ्या ऑर्डरचाच. जास्त तीव्र लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) वूफरला थोडा मागे ओढतो आणि दोघं जुळतात.

गुपचूप_ऐक:
एवढा खटाटोप कशाला? डीएसपी (सुरांची वाटणी डिजिटल करणारा प्रोसेसर) आणि दोन ॲम्प्लिफायर लाव, मोकळा हो.

ओहमकार:
विचारलंय पॅसिव्हचं, म्हणजे ॲम्प्लिफायरनंतर लागणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या क्रॉसओव्हरचं. डीएसपी हाताशी असेल तर उतार आणि डिले आधी त्यावर चाचपून बघावेत, हे मात्र खरं.

@सुतारपक्षी, गणित नको असेल तर मोजमाप तरी कर. मोजण्याचा माइक, मोजमापाला आरईडब्ल्यू आणि क्रॉसओव्हर आखायला विटुइक्सकॅड. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. ड्रायव्हर खोक्यात बसवून प्रत्येकाचा रिस्पॉन्स आणि इंपीडन्स वेगळा घे. टायमिंग लूपबॅकवर (साउंडकार्डचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून) ठेव, आणि दोन मापांच्या मध्ये माइक तसूभरही हलवू नकोस, नाहीतर फेज जुळवायचा आधारच जातो. ट्वीटरला सिरीजमध्ये २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवच. चुकून खालच्या सुरांचा स्वीप (चाचणीचा सरकता सूर) गेला तर पडदा वाचतो.

माइक नाकासमोर ठेवून डिझाइन करू नकोस. हॉर्नचं तोंड, शंकू, सराउंड (शंकूभोवतीची लवचीक कड) सगळं वर्तुळाकार, त्यामुळे कडांवरून परतलेला आवाज अक्षावर एकाच वेळी पोचतो आणि आलेखात खड्डे पडतात. १५-२० अंश बाजूला सरकलास की त्यातले बरेचसे गायब. ते खड्डे भरायला जाशील तर बाकी सगळ्या खोलीला तिखट आवाज ऐकवशील.

सुतारपक्षी:
बोर्ड रद्द, माइक मागवतो. तोवर कॉइलचं सांगा. वूफरला आयर्न-कोर (लोखंडी गाभ्याची) घेतली तर लोक नावं ठेवतात म्हणे?

ओहमकार:
ठेवू देत. वूफरच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स ०.३ ओहमच्या आसपास हवा. एअर-कोरमध्ये (गाभा नसलेल्या कॉइलमध्ये) तो गाठायला जाड तारेचं भेंडोळं लागतं. मोठ्या पॉवरलाही सॅच्युरेट न होणारी (गाभा चुंबकत्वाने भरून न जाणारी) आयर्न-कोर बेलाशक घे. ट्वीटरला एअर-कोरच, तिथे थोडा रेझिस्टन्स चालतो. दोन्ही कॉइल एकमेकींपासून वीतभर लांब, एक उभी आणि एक आडवी बसव. शिवाय ड्रायव्हरच्या चुंबकामागे नको, खोक्याच्या तळाशी स्क्रू कर.